विंध्य-सातपुड्यांमधील शेजार : मध्यप्रदेशाचे दर्शन व थोडा इतिहास

आपल्या ज्ञातीतील मंडळींस तीर्थयात्रेची हौस मोठी. उन्हाळ्याची सुटी लागली किंवा श्रावण जवळ आला, की उज्जैन-ओंकारेश्वराची यात्रा ठरते. मोटार भरते, महाकालाचे दर्शन होते, नर्मदेत स्नान होते, वाटेत इंदुरास पोहे-जिलेबीचा फराळ होतो, आणि चौथ्या दिवशी मंडळी घरी परततात. ह्यात वावगे काहीच नाही. तथापि ज्या मुलुखातून आपण इतक्या घाईने जाऊन येतो, त्या मुलुखाशी आपल्या पूर्वजांचा संबंध दोन-अडीचशे वर्षांचा आहे, आणि तो संबंध सर्वस्वी अभिमानाचाच आहे असेही नाही. त्याचा थोडा परिचय करून द्यावा, म्हणजे पुढील यात्रेत वाचकांची पावले दोन-चार ठिकाणी अधिक थबकतील, ह्या हेतूने आम्ही हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

आजचा मध्यप्रदेश हे तसे पाहता अगदी अलीकडचे घडण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत, विंध्यप्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्यप्रांतातील हिंदी जिल्हे एकत्र करून हे राज्य निर्माण झाले. त्याच दिवशी नागपूर व वऱ्हाडासह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे गेला. म्हणजे ज्या रेषेने आपण आज 'ते' आणि 'आपण' असा भेद करतो, ती रेषा आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत आखली गेली. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. तोपर्यंत क्षेत्रफळाने हे देशातील सर्वांत मोठे राज्य होते. आता राजस्थानच्या खालोखाल त्याचा क्रम लागतो. सुमारे तीन लक्ष आठ हजार चौरस किलोमीटरांच्या ह्या प्रदेशात माळव्याचे काळे पठार आहे, बुंदेलखंडाचे खडकाळ रान आहे, गोंडवनाचे सालवृक्षांचे अरण्य आहे, आणि ह्या सर्वांना छेदून पूर्वेकडून पश्चिमेस वाहणारी नर्मदा आहे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याने प्रारंभ बऱ्हाणपुरापासून करावा असे आमचे मत आहे. भुसावळहून खंडव्याकडे निघालेली आगगाडी येथे थांबते. पण उतरणारे यात्रेकरू थोडेच असतात. तापीच्या काठचे हे शहर म्हणजे दक्षिणेचा दरवाजा. जवळचा असीरगड १६०१ साली अकबराच्या हाती पडला आणि मोगलांचा दक्षिणेत उतरण्याचा मार्ग मोकळा झाला. शाहजहानची बेगम मुमताजमहल १६३१ साली येथेच वारली व प्रथम येथेच पुरली गेली. ताजमहालाची कथा आग्र्यास नव्हे, तापीच्या तीरावर सुरू होते. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुरंदरचा तह करून शिवछत्रपतींस आग्र्यास जावयास लावणारा मिर्झाराजा जयसिंह १६६७ साली ह्याच शहरी मरण पावला. नगराबाहेर त्याची छत्री आहे. पुढे १६८१ साली संभाजीमहाराजांच्या फौजांनी बऱ्हाणपूरच्या धनाढ्य पेठा लुटल्या, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत येते. त्या पेठा कोठे होत्या ते पाहिले म्हणजे ती ओळ जिवंत होते. शहरास पाणी पुरविण्यासाठी मोगल अमदानीत जमिनीखाली खोदलेली कुंडी भंडाऱ्याची योजना मात्र कोणीही चुकवू नये. डोंगराकडून झिरपणारे पाणी विहिरींच्या रांगेतून व त्यांना जोडणाऱ्या भुयारातून केवळ उताराच्या बळावर गावात आणले आहे. आमच्या सोबतच्या एका वृद्ध गृहस्थांनी ते पाहून एवढेच म्हटले, की आमच्या गावच्या नळयोजनेच्या अधिकाऱ्यांस येथे एकदा आणले पाहिजे.

बऱ्हाणपूर सोडून सातपुड्याच्या रांगा ओलांडल्या की नर्मदेचे खोरे लागते. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत सुमारे १,३१२ किलोमीटर वाहणाऱ्या ह्या नदीची परिक्रमा करण्याचा प्रघात आहे. नदी नेहमी उजव्या हातास ठेवावयाची, मध्ये कोठेही ओलांडावयाची नाही, आणि शास्त्राप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवसांनी संकल्प पुरा करावयाचा. मराठी वाचकांस ह्या परिक्रमेचे वेड गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ह्या कादंबरीने लावले; आज परिक्रमावासीयांत मराठी बोलणारे हटकून भेटतात. पण ज्या काठाने दांडेकर चालले तो काठ आता सलग राहिलेला नाही. इंदिरासागर धरणासाठी २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर हरसूद हे जुने नांदते शहर रिकामे करण्यात आले. लोकांनी आपल्याच हातांनी घरे पाडून विटा, दारे, खिडक्या गाड्यांवर लादल्या. गुजरातेतील सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात प्रथमच काठोकाठ भरले, तेव्हा बडवानी व धार जिल्ह्यांतील नदीकाठची गावे, घाट आणि देवळे पाण्याखाली गेली. वीज आणि पाणी ह्यांची गरज कोणी नाकारीत नाही. परंतु आपण नर्मदामातेची ओटी भरतो, तेव्हा तिच्याच पाण्याने ज्यांच्या चुली विझल्या त्यांचे स्मरण निदान मनात असावे.

ह्याच खोऱ्यात, सनावदच्या बाजूस, रावेरखेडी म्हणून एक लहान गाव आहे. १७४० साली नासिरजंगाशी झालेल्या तहात मिळालेल्या हंडिया व खरगोण ह्या मुलुखाचा बंदोबस्त करण्यासाठी थोरले बाजीराव पेशवे इकडे आले आणि २८ एप्रिल रोजी ज्वराने येथेच निवर्तले. वय अवघे चाळिसाच्या घरात. नदीकाठी तटबंद आवारात शिंद्यांनी बांधविलेली त्यांची समाधी आहे. पुण्यास शनिवारवाड्यापुढे बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा पाहण्यास जी गर्दी असते तिचा शतांश देखील येथे नसतो. आम्हांस व्यक्तिशः ही शांतता आवडली. ज्या पुरुषाने वीस वर्षांत क्वचितच एका जागी मुक्काम केला, त्यास शेवटी एवढा निवांत मुक्काम मिळाला, हे योग्यच म्हणावयाचे.

रावेरखेडीहून नदीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेस गेले म्हणजे उत्तर तीरावर महेश्वर लागते. ज्यांस वेळ थोडा आहे त्यांनी बाकी सर्व सोडावे, पण महेश्वरास एक रात्र राहावे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत येथून राज्य केले. अहमदनगर जिल्ह्यातील (आता त्यास अहिल्यानगर म्हणतात) चौंडी गावच्या शिंद्यांची ही मुलगी. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ साली आलमपुरास वारले. एकुलता एक पुत्र मालेराव पुढच्याच वर्षी गेला. इतके आघात सोसून ह्या बाईने जो कारभार केला त्याची साक्ष परक्याने दिली आहे. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्यहिंदुस्थानविषयक ग्रंथात सर जॉन माल्कम ह्या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्याबाईंविषयी गावोगाव चौकशी करून जे लिहिले, त्यात स्तुतीखेरीज दुसरे काही त्यास लिहिता आले नाही. बाई जाऊन तेव्हा पंचवीस-तीस वर्षेच झाली होती. साक्षीदार हयात होते.

आपल्याकडे अहिल्याबाई म्हणजे देवळे आणि घाट एवढेच समीकरण झाले आहे. काशीचे विश्वनाथमंदिर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर ही सर्व कामे थोर खरीच; पण त्यांतील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट हिशेबाची आहे. होळकरांच्या दौलतीचा पैसा वेगळा आणि बाईंच्या खासगीचा पैसा वेगळा असे, आणि हा दानधर्म त्या खासगीतून करीत. ज्या काळी राजाची तिजोरी आणि राज्याची तिजोरी ह्यांत फरक करण्याची चाल फारशी नव्हती, त्या काळी एका विधवा स्त्रीने तो कटाक्षाने पाळला. महेश्वरचा वाडा पाहिला म्हणजे ह्या वृत्तीची खूण पटते. तो राजवाडा नव्हेच; आपल्याकडील एखाद्या सुखवस्तु देशमुखाचा वाडा असावा तसा आहे. लाकडी खांबांची ओसरी, साधी सदर, देवघर. वैभव काय ते खाली घाटावर आहे. दगडी पायऱ्यांची ती विस्तीर्ण रांग, वर किल्ल्याचा तट, कोरीव छत्र्या, आणि पुढे नर्मदेचे संथ रुंद पात्र. थोड्या अंतरावर सहस्रधारा आहे. तेथे हीच संथ नदी खडकांत अडकून असंख्य प्रवाहांनी फुटते.

बाईंनी येथे कोष्टी-साळी आणून वसविले आणि महेश्वरी लुगड्यांचा धंदा उभा राहिला. काठावर घाटाच्या दगडांतील नक्षी व नदीच्या लाटा विणलेल्या दिसतात. आपल्या भगिनीवर्गास ह्याविषयी आम्ही अधिक सांगण्याचे कारण नाही. एवढेच सुचवितो की दुकानापेक्षा मागावर जाऊन खरेदी करावी, म्हणजे विणणारणीचे हात दिसतात व किमतीची घासाघीस आपोआप थांबते.

महेश्वरच्या घाटावर अहिल्येश्वराच्या समोर एक छत्री आहे. ती विठोजी होळकरांची. यात्रेकरू तिच्या पायऱ्यांवर बसून छायाचित्र काढतात आणि निघून जातात. आमच्या मते मराठेशाहीचा अस्त कसा झाला हे समजून घेण्यास ह्या पायऱ्यांइतकी दुसरी जागा नाही. येथून एका सकाळीच्या प्रवासावर धारचा किल्ला आहे. बारभाईंच्या कारस्थानामुळे राघोबादादा उत्तरेकडे पळाले, तेव्हा गरोदर आनंदीबाईंस त्यांनी धारच्या पवारांच्या आश्रयास ठेविले. तेथे १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. ह्याच बाजीरावाने पेशवा झाल्यावर १८०१ साली विठोजी होळकरास पुण्यात हत्तीच्या पायी दिले. विठोजीचा भाऊ यशवंतराव सूडाने पेटून दक्षिणेत उतरला; १८०२ च्या दिवाळीत हडपसरच्या मैदानावर त्याने पेशवे-शिंदे ह्यांच्या फौजेचा धुव्वा उडविला; बाजीराव पळाला आणि वर्षअखेरीस वसईस इंग्रजांशी तह करून बसला. धारच्या किल्ल्यातील बाळंतिणीची खोली आणि महेश्वरच्या घाटावरील छत्री ह्या दोहोंच्या मध्ये मराठी राज्याचा शेवट सामावलेला आहे.

आता ज्या गोष्टीचा आम्ही प्रारंभी उल्लेख केला तिच्याकडे वळतो. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजीअप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत गिरिधरबहादुरास मारून माळव्याचे दार उघडले. १७३८ च्या जानेवारीत दोराह्याच्या तहाने निजामाने माळवा मराठ्यांस देण्याचे कबूल केले. उज्जैनीस राणोजी शिंदे, इंदुरास मल्हारराव होळकर, धार व देवास येथे पवार, अशी व्यवस्था लागली. येथवर आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यानंतरचे सत्तर-ऐंशी वर्षांचे पान माळव्याच्या रयतेच्या तोंडून ऐकले पाहिजे. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकराने शिंद्यांची उज्जैनी लुटली. तीन महिन्यांनी शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने त्याचा वचपा म्हणून होळकरांचे इंदूर लुटले व जाळले. दोन्ही फौजा मराठ्यांच्या, दोन्ही शहरे मराठ्यांची. पाठोपाठ पेंढाऱ्यांचा उच्छाद आला. महिदपूरच्या लढाईपर्यंत, म्हणजे १८१७ पर्यंत, चाललेल्या ह्या काळास माळव्यातील लोक 'गर्दी का वक्त' म्हणत. माल्कमने हा शब्द नोंदवून ठेविला आहे. अहिल्याबाईंची पुण्याई आणि 'गर्दी का वक्त' ह्या दोन्ही आपल्याच नावावरील नोंदी होत. एक वाचावयाची आणि दुसरीचे पान चिकटवून टाकावयाचे, हे इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाही.

हीच गोष्ट अन्यत्रही. १७४२ साली नानासाहेब पेशव्यांच्या स्वारीत मंडल्याचा गोंड राजा महाराजशाह मारला गेला. ज्या गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीने १५६४ साली अकबराच्या सेनेशी लढता लढता प्राण दिला, त्याच घराण्याचा तो वंशज. दुर्गावतीच्या शौर्याचे गोडवे आपण गातो, आणि तिच्या घराण्यातील राजावरील स्वारीविषयी मौन पाळतो. १८१२-१३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला होता. भोपाळकर आजही तो वेढा परतवून लावल्याचे अभिमानाने सांगतात. पुढे ह्याच भोपाळात १८१९ पासून १९२६ पर्यंत एकामागून एक चार बेगमांनी राज्य केले. अशी स्त्रीराज्याची शतकभराची परंपरा आपल्या देशात दुसरी दाखविता येणार नाही. त्या शहराचे नाव काढताच आज आठवते ती १९८४ च्या डिसेंबरातील विषारी वायूची रात्र. पण तलावाकाठचे जुने भोपाळ पाहताना बेगमांचीही आठवण ठेवावी.

मांडवगडाविषयी, म्हणजे मांडूविषयी, पुष्कळ लिहिले गेले आहे; आम्ही थोडक्यात आटोपतो. पावसाळ्यात जावे. दोन हजार फूट उंचीच्या पठारावर ढग उतरलेले असतात, मुंज व कपूर ह्या दोन तलावांच्या मधोमध जहाजमहाल तरंगल्यासारखा दिसतो, आणि रूपमतीच्या मंडपातून आकाश निवळल्यास दूर खाली नर्मदेची रेषा दिसते. होशंगशाहची संगमरवरी कबर पाहण्यासाठी १६५९ साली शाहजहानचे शिल्पकार आले होते, तसा लेख तेथे आहे. येथील बाजारात विकली जाणारी 'खुरासानी इमली' म्हणजे आपली गोरखचिंच. मूळ आफ्रिकेतील हा बुंधेदार वृक्ष मांडूत जागोजाग दिसतो.

देवासची कथा मात्र सांगण्यासारखी आहे. तुकोजी व जिवाजी हे पवार बंधू. दोघांनी दौलत वाटून घेतली आणि एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या. एकाच टेकडीवरील देवी मात्र दोघांची. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस होता. त्याने त्या दिवसांवर पुढे पुस्तक लिहिले. ह्याच टेकडीच्या पायथ्याशी १९४८ पासून कुमार गंधर्व राहिले. बेळगावकडचा हा गवई क्षयाने आजारी होऊन कोरड्या हवेसाठी देवासला आला, वर्षानुवर्षे गाणे बंद झाले, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या माळव्यातील बायकांची गाणी ऐकत राहिला. त्या ऐकण्यातून जे निघाले त्याने आपल्या संगीताला नवे वळण लाविले. १९९२ साली ते देवासलाच निवर्तले.

संगीताचा विषय निघाला म्हणजे ग्वाल्हेरीस जाणे भागच आहे. मानसिंह तोमराच्या निळ्या फरश्यांच्या मानमंदिरामुळे तेथील किल्ला प्रसिद्ध आहे. पण किल्ल्याच्या वाटेवर एका शिळेत कोरलेल्या लहानशा चतुर्भुज मंदिरात जावयास विसरू नये. तेथील ८७६ सालच्या लेखात २७० व ५० हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत. शून्याच्या जुन्यात जुन्या शिलालेखी नोंदींपैकी ही एक. खाली तानसेनाची कबर व तिच्याजवळचे चिंचेचे झाड आहे. त्याची पाने खाल्ली की गळा गोड होतो ही समजूत गवयांत रूढ आहे. आम्हीही खाल्ली. फळ काय मिळाले ते घरच्यांस विचारावे.

पण खरा चमत्कार पुढचा आहे. शिंद्यांच्या आश्रयास असलेल्या हद्दूखाँ-हस्सूखाँ ह्या बंधूंची ख्यालगायकी शिकण्यासाठी महाराष्ट्रातून वासुदेवबुवा जोशी ग्वाल्हेरीस गेले. वासुदेवबुवांकडून ती विद्या बाळकृष्णबुवांनी घेतली व इचलकरंजीस आणली. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. आज आपल्या मुली गल्लोगल्लीच्या वर्गांत जे आलाप घोटतात त्याचे मूळ ह्या मालिकेत आहे. फौजा गेल्या त्या वाटेनेच विद्या परत आली. आणि आमच्या मते लाभाचा पैका त्या मोहिमांत एवढाच शिल्लक राहिला.

ग्वाल्हेरीत दोन वास्तू एकाच दिवशी पाहाव्या. एक जयविलास राजवाडा, १८७४ साली बांधलेला. प्रचंड झुंबरे आणि जेवणाच्या मेजावर पदार्थ फिरविणारी चांदीची आगगाडी ही तेथील कौतुके. दुसरी फूलबागेतील झाशीच्या राणीची समाधी. १८५८ च्या जूनमध्ये राणी व तात्या टोपे ग्वाल्हेरीस आले, शिंद्यांची फौज त्यांस मिळाली, आणि जयाजीराव शिंदे आग्र्यास इंग्रजांकडे निघून गेले. तीन आठवड्यांच्या आत राणी रणांगणी पडली. तात्यास पुढील वर्षी एप्रिलात शिवपुरीस फाशी दिले. एका बाजूस झुंबरे, दुसऱ्या बाजूस चौथरा; दोन्ही मराठीच. कोणाचा पक्ष घ्यावा हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. पण इंग्रजांनी हे इमान कसे फेडले ते पाहण्यासारखे आहे. ग्वाल्हेरचा किल्ला त्यांनी १८८६ पर्यंत आपल्याच ताब्यात ठेविला, आणि परत दिला तोही झाशी शहर बदल्यात घेऊन.

पूर्वेकडील स्थळांचा केवळ उल्लेख करून पुढे जातो. त्यांची माहिती कोणत्याही प्रवासपुस्तकात मिळते. सांचीचे स्तूप, जवळच विदिशेस वासुदेवाच्या भक्तीने ग्रीक वकील हेलिओडोरसाने उभारलेला गरुडस्तंभ, चंदेलांचे खजुराहो, वेत्रवतीकाठचे ओरछा. सागर हे शहर गोविंदपंत बुंदेल्यांचे, म्हणजे रत्नागिरीकडील खेरांचे. पानिपतावर भाऊसाहेबांस रसद पुरविण्याच्या खटपटीत ते १७६० च्या डिसेंबरात मारले गेले. जबलपूरजवळ भेडाघाटास चांदण्या रात्री नावेतून संगमरवरी कड्यांमधून जावे. कान्ह्याच्या अरण्यात वाघ दिसला तर उत्तम. न दिसला तरी बारशिंगे पाहावे. १९७० च्या सुमारास त्यांची संख्या सत्तराच्या आत आली होती. जंगल खात्याने निगुतीने सांभाळून ती जात वाचविली. भीमबेटका मात्र दोन शब्द अधिक मागते. भोपाळच्या दक्षिणेकडील ह्या शैलाश्रयांतील आदिमानवाची चित्रे १९५७ साली जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे नीमचला जन्मलेले, उज्जैनीस राहिलेले मराठी संशोधक. आगगाडीच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांच्या आकारांनी त्यांस कुतूहल वाटले, ते उतरले आणि चालत तेथे गेले. त्या प्रवासात त्या डब्यात इतरही प्रवासी होतेच.

पचमढीचे महादेव आणि चौरागड आपल्या विदर्भवासी बांधवांस सांगावयास नकोत. महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणाऱ्यांत मराठी गजरच अधिक ऐकू येतो. तेथील धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर. परतताना बैतुल जिल्ह्यात मुलताईस तापीच्या उगमाचे कुंड पाहावे. मुलताई, पांढुर्णा, सौसर ह्या पट्ट्यात मराठी ही पाहुण्यांची नव्हे, घरची भाषा आहे.

माळव्यातील मराठीची स्थिती निराळी. तेथे आपली कुटुंबे शिलेदारी, कारकुनी, वैद्यकी, भिक्षुकी अशा निमित्तांनी गेली आणि तेथलीच झाली. दरबाराची भाषा मराठी होती तोवर मोडीचा रुबाब होता. मुंगावलीस जन्मलेले भास्करराव तांबे ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि त्यांची गीते अवघ्या महाराष्ट्राच्या ओठांवर आली. मराठी साहित्य संमेलन इंदुरास १९१७ साली भरले. ग्वाल्हेरीस १९६१ साली भरले तेव्हा कुसुमावती देशपांडे ह्या संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा झाल्या. आज त्या घरांतील आजी मराठी बोलते, सून 'मी जाऊन राहिले आहे' असे हिंदीच्या चालीवरील मराठी बोलते, आणि नातू मराठी समजतो पण उत्तर हिंदीत देतो. ह्यास आम्ही दोष देत नाही. ज्या मातीत अन्न मिळते तिची भाषा जिभेवर येणारच. आमची चिंता दुसरी आहे. नातवास मराठी वाचता येत नाही, मुलास मोडी वाचता येत नाही, आणि माळ्यावरच्या पेटीत पणजोबांचे कागद आहेत. सनदा, कामाविशीचे हिशेब, लग्नाच्या याद्या, महेश्वरहून वा लष्करहून घरी धाडलेली पत्रे. घर विकताना किंवा पाडताना ही पेटी प्रथम रद्दीत जाते. लढायांच्या तारखा सरकारी दप्तरांत सुरक्षित आहेत. पण 'गर्दी'च्या वर्षांत एक कुटुंब काय खाऊन जगले हे ह्या पेटीखेरीज कोठे लिहिलेले नाही.

तेव्हा आपल्या मंडळाच्या सभासदांस आमची विनंती अशी, की उज्जैन-इंदूर-ग्वाल्हेरकडे नातेसंबंध असतील त्यांनी पुढील यात्रेत एक मुक्काम नातलगांकडे करावा आणि अशा कागदांची चौकशी करावी. मूळ कागद मागू नयेत. त्यांची छायाचित्रे घ्यावी, कोणत्या घरातील, कोणाच्या नावचे, एवढी टीप सोबत लिहावी. मोडी वाचणारी दोन-तीन मंडळी आपल्यांत आहेत. यात्रा नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या महिन्यांत काढणे सोयीचे. मांडू व महेश्वर तेवढे श्रावणात.